रुमालाखालचा अंगठा

आमच्या आमदाराने बैलबाजार फसवला, आणि फसवायला हात माझा वापरला. दुसऱ्या कुणाचा वापरला असता तर मी चार शिव्या हासडून गप्प बसलो असतो.

तो आणि मी एकाच बाजारात घडलो. धुळ्याकडचे बैल जळगावच्या बाजूला विकले जात, मधली दलाली आमची. मी एका शेठच्या जनावरांना पाणी पाजता पाजता दलाल झालो. तो माझ्या मागे फिरून झाला. बैलाचे दात कसे पाहायचे, दबलेली लंगड कशी ओळखायची, सगळं मी शिकवलं. रुमालाखालचा सौदाही मीच शिकवला.

हा सौदा असा. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आत बोटं धरून भाव बोलायचा. शेजारी उभ्या माणसालाही आकडा कळत नाही. शेवटी अंगठा दाबला की सौदा पक्का. मग रात्रीतून बैल मेला तरी तो मोडत नाही. लेखी मागणाऱ्याला आमच्याकडे दुसऱ्या दिवशी कोणी बैल दाखवत नाही.

बैलांत तो कच्चाच राहिला. माणसं मात्र त्याला बरोबर कळत.

पहिली विधानसभा तो अपक्ष लढला आणि अनामत घालवून बसला. मतमोजणीच्या दुसऱ्या दिवशी बाजारात आला, तेव्हा मी सगळ्यांदेखत विचारलं, "काय भाऊ, दात पडलेला बैल जत्रेत कशाला नेला होता?" बाजार हसला. तो हसला नाही.

पुढच्या वेळी त्याने एका पक्षाचं तिकीट आणलं. त्याच सुमारास कानावर आलं की तो निवडून आला तर बाजाराची जागा व्यापारी संकुलात जाणार. ती जागा म्हणजे पाण्याचे हौद, लिंबाची सावली, कडेला नालबंद, दोरवाले, चहावाले. ती गेली की सगळे उठले. मी अपक्ष अर्ज भरला. मी निवडून येणार नव्हतो, पण त्याला पाडणार होतो. हे मला ठाऊक होतं, त्याला तर माझ्याआधी ठाऊक होतं.

माघारीच्या दिवशी सकाळीच तो लिंबाखाली आला. गाडी लांब उभी केली होती.

"आबा, अर्ज काढा."

"जागेचं काय?"

"जागा तुमचीच. शब्द देतो."

"तोंडचा शब्द मी बैलाच्या सौद्यातसुद्धा घेत नाही. हात दे."

बाजारातले सगळ्यात जुने दलाल म्हणजे चाचा. मुसलमान माणूस, माझे गुरू. त्यांनी खांद्यावरचा रुमाल आमच्या हातांवर टाकला. "जागा हलणार नाही," मी हळू म्हणालो. त्याने अंगठा दाबला. इतका जोरात की नख दुखलं.

मी अर्ज काढला. नालबंदापासून चहावाल्यापर्यंत प्रत्येकाला सांगितलं, मत त्याला द्या. तो थोडक्या मतांनी निवडून आला. पाच वर्षांनी पक्ष बदलून पुन्हा आला. जळगावला पिंप्राळ्यात बंगला झाला. आता त्याच्या फलकांवर 'अपराजित' लिहितात. जप्त झालेली अनामत कुठल्याच फलकावर नाही.

दुसऱ्यांदा निवडून आल्यावर त्याने बाजार उठवला. नवी जागा गावाबाहेर, निव्वळ मुरूम. ना झाड, ना हौद. पहिल्याच बाजाराला एक बैल उन्हात कोसळला. मी तसाच पिंप्राळ्याला गेलो.

"रुमालाखाली काय झालं ते कोणी पाहिलं, आबा?" तो चहा ओतत म्हणाला. "बाहेरच्याला कळता कामा नये, हे तुम्हीच शिकवलं ना?"

मी कप त्याच्या फरशीवर आपटला. तो कार्यकर्त्यांकडे वळला. "फडकं आणा रे. दात पडलेला बैल शिंगं उगारतोय."

इतकी वर्षं त्याने ते जपून ठेवलं होतं.

संकुलाच्या भूमिपूजनाला मी गेलो तो भर सभेत त्याचं पितळ उघडं पाडायला. पण मी उठायच्या आत त्यानेच माइकवरून पुकारा केला. म्हणाला, "ज्यांच्या सहकार्याशिवाय हे शक्य नव्हतं, ते आमचे आबा." दोघांनी मला दंडाला धरून व्यासपीठावर नेलं. त्याने खांद्यावर शाल घातली, आणि शालीच्या आड माझा हात धरला. दोन बोटं पकडली, मग अंगठा दाबला. संकुलातले दोन गाळे देत होता, जुन्या बाजाराच्या खुणेने, हजार माणसांसमोर.

मी हात हिसकायला गेलो आणि शिवी द्यायला तोंड उघडलं. त्याच क्षणी फोटो निघाला. पेपरात छापून आला तो. त्यात आमदार हसतोय, शालीत आमचे हात एकत्र आहेत आणि मीही तोंड भरून हसतोय.

चाचांनी मला जन्मभर 'पोरा' म्हटलं. दुसऱ्या दिवशी भेटलो तर उठून उभे राहिले.

"या, आबासाहेब. कितला गाळा मियनात?"

मी दोन्ही हात पसरून दाखवले. "चाचा, एकही गाळा नाही घेतला."

त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं नाही. खांद्यावरचा रुमाल काढला, घडी केली, खिशात घातला. म्हणाले, "आते या रुमालखाले कोनी हात देवाव नही." त्यानंतर त्यांच्या खांद्यावर मी रुमाल पाहिला नाही. नालबंद मला पाहून रस्ता बदलतो. चहावाला चहा देतो, पण पैसे घेत नाही. म्हणतो, "मालकाकडून कसे घ्यायचे?"

पुन्हा निवडणूक आली आहे. अपराजित आमदार मतं मागत दारोदार फिरतो आहे. त्याने एकदा जुन्या जागेवर यावं. शाल नको, हार नको, माइक नको. बाह्या वर करून हात उघडे ठेवावेत आणि चाचांच्या डोळ्यांत बघून सांगावं, त्या सकाळी लिंबाखाली अंगठा दाबला होता की नाही? आणि दाबला होता, तर आमचा बाजार कुठे आहे?

मला सांगू नकोस. चाचांना सांग.