व्याह्याचा फेटा
आमच्या राहुरीकडच्या गावात फेटा पुष्कळांनी बांधला, पण मिरवला तो राधाकृष्णतात्यांनी. खळ घातलेला तुरा ताठ, शेमला पाठीवर बरोबर मध्यावर. रीतही सांभाळायचे. फेटा ओलांडायचा नाही, दुखवट्याच्या घरी तुरा मिरवायचा नाही. हे ऐकवून ऐकवून त्यांनी पोरांना वैताग आणला होता.

बहात्तरच्या दुष्काळात त्यांच्या मुलाचं लग्न संगमनेरजवळच्या एका वाडीत लागलं. दोन पंगती उठल्या आणि पाणीच संपलं. टँकर काही आला नाही. वऱ्हाडातली चार टाळकी रुसून पत्रावळीवरून उठली. नवरीचे वडील कानिफनाथ धावत आले, भर मांडवात त्यांनी डोक्यावरचा फेटा उतरवला आणि तात्यांच्या पायावर ठेवला.

अशा वेळी व्याह्यानं काय करायचं, हे शेंबडं पोरही जाणतं. लगेच वाकायचं, फेटा उचलून त्याच्या डोक्यावर ठेवायचा, त्याला पोटाशी धरायचं. तात्यांना राग मुळीच आला नव्हता. पण तुरा त्या दिवशी असा काही जमून आला होता, की वाकलं तर कलेल म्हणून ते आधी तोच सावरायला गेले. माणसाला नको तेव्हा नको ते सुचतं. तेवढ्यात मुंडावळ्या बांधलेल्या नवरीनं, विजयमालेनंच पुढं होऊन बापाचा फेटा उचलला.

लोकांना वाटलं, व्याही भारी करारी. कुणी कौतुकही केलं. तात्या मात्र मनातून पार खजील झाले होते. सून घरी आली. वेळेवर चहा, वेळेवर ताट, वावगा शब्द नाही. ती भांडली असती तर बरं, असं त्यांना वाटे. तिच्यासमोर त्यांची मान वर होत नसे, आणि माफी मागायला जीभही रेटत नसे.

शेवटी वर्षभरानं नवा फेटा घेऊन ते एकटेच व्याह्यांकडे गेले. कानिफनाथ ओट्यावर टोपी घालून बसले होते. त्यांनी उठून पाय धुवायला पाणी दिलं, आत चहा सांगितला. लग्नापासून त्यांनी फेटा बांधलाच नव्हता, हे तात्यांना तिथं कळलं.

"चुकलं माझं, पाव्हणं. रागानं न्हाई, तुऱ्यापायी वाकलो न्हाई मी," तात्यांनी सांगून टाकलं. हा फेटा माझ्या हातानं बांधू द्या, म्हणून विनवलं.

कानिफनाथांनी त्यांचे हात हलकेच बाजूला केले. आवाजात राग नव्हता.

"राहू द्या, पाव्हणं. धाकटी लेक आजून उजवायची हाय. टोपी पायावर ठेवायला सोपी पडती."