माश्या हाकायचं पुस्तक

असियातूसारखी हट्टी पोरगी आमच्या बाजारात दुसरी नाही. ती आणि तिची आई अबिती जाफाली सुके उसिपा विकतात, आणि त्यांना खेटून माझे टोमॅटो. बोटाएवढे हे मासे सरोवराकाठी वेताच्या मांडवांवर सुकतात. तेवीस वर्षं त्या वासात बसून माझ्या टोमॅटोंनाही मासळीची चव आलीय, असं गिऱ्हाईक म्हणतं. म्हणो बापडं.

दोन वर्षांपूर्वी अबितीचा डावा स्तन काढावा लागला. ब्लँटायरच्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, कॅन्सर आहे आणि निदान वर्षभर तरी वाढतोय. "इतका उशीर का केलात?" झालं. हा प्रश्न अबितीच्या आधी गावात येऊन पोहोचला. जो तो म्हणू लागला, म्हातारी झाडपाल्याच्या नादी लागली असणार. दिवसभर गिऱ्हाइकांशी भांडणारी अबिती एकदम गप्प झाली. आणि खरं सांगते, हापशावर मीही तेच बोलले होते.

एकटी असियातू सांगत होती, "आई वर्षभर आधीच डोंगरावरच्या दवाखान्यात गेली होती. तीनदा! न्जोलोमा डॉक्टरांनी गळू म्हणून गोळ्या देऊन वाटेला लावलं." तिने झोंबाच्या एका वकीलबाईंना गाठलं आणि दवाखान्यावर दावा ठोकला. त्याच्या चौकशीला एक समिती नेमली गेली. दवाखान्याने उत्तर दिलं: बाई आमच्याकडे ऑपरेशनच्या वर्षी मार्चमध्ये पहिल्यांदा आल्या, तेव्हाच गाठ लिंबाएवढी होती. त्याआधीची नोंदवही वाळवीने खाल्ली. वाळवीला बरी तेवढीच वही आवडली!

वकीलबाई म्हणाल्या, "मग आईचं आरोग्यपुस्तक आणा." आमच्याकडे पेशंटचं पुस्तक पेशंटच्याच घरी असतं, डॉक्टर तपासतात आणि त्यात लिहितात. अबितीने आपलं पुस्तक काढून दिलं. ते नवं होतं, पहिली नोंद त्याच मार्चची.

"आई, जुनं कुठंय?"

"ते बाद झालं गं."

"बाद म्हणजे काय? फेकलंस?"

"बाद म्हणजे बाद. डोकं खाऊ नकोस."

असियातूने महिनाभर घर उलथंपालथं केलं. छपराच्या गवतात हात घातला, मक्याचं कोठार रिकामं केलं. चौकशीला आठ दिवस उरले तेव्हा ती माझ्या शेजारी येऊन मटकन बसली. "मेरेसीमावशी, हरले मी. आईच्या माथी हे आता कायमचं."

मला आपल्याच तोंडाची लाज वाटत होती. मी आपली टोमॅटो पुसत राहिले. उन्हं तापली होती, माश्या घोंगावत होत्या आणि अबिती रोजच्यासारखी त्या हाकत होती. असियातू तिच्या हाताकडे बघत राहिली.

"आई, ते काय आहे हातात?"

"माश्या हाकतेय. दिसत नाही?"

"कशाने हाकतेयस?"

अबितीचा हात थांबला. पुठ्ठा गेलेलं, मासळीच्या तेलाने फुगलेलं ते जुनं पुस्तक होतं. महिनाभर ते आमच्या नाकासमोर हलत होतं आणि मी फुकटात त्याचा वारा घेत होते!

"अगं आई! हेच तर शोधतेय मी!"

"पण ते बाद केलंय ना," अबिती खाली मान घालून म्हणाली. "मार्चमध्ये नर्सबाईंनी दोन बोटांत धरलं. रांगेत सगळ्यांदेखत म्हणाल्या, शी, मासळीचा वास मारतोय, हे काय पुस्तक आहे? नवीन आण, मगच आत ये. बाद केलेली वस्तू साहेबांपुढे कशी न्यायची?"

असियातूने पानं एकेक करून सोडवली. तीन तारखा, निळी शाई. तिन्ही ठिकाणी 'गळू', आणि खाली न्जोलोमांची ऐसपैस सही. ती हसायला लागली, मग रडायला लागली. मग तिने आईला अशी मिठी मारली की उसिपाची टोपली लवंडली.

चौकशीला मीही गेले. पुस्तक टेबलावर ठेवल्याबरोबर अध्यक्षांनी खिडकी उघडायला लावली. न्जोलोमा डॉक्टरांनी ती पानं उलटून पाहिली. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "अक्षर माझंच आहे." दावा मान्य झाला, पुढच्या सगळ्या उपचारांचा भार दवाखान्यावर पडला. वकीलबाई खूश झाल्या. अध्यक्षांनी विचारलं, आजींना काही सांगायचंय का?

अबिती उठली. तिने पिशवीतून नवं पुस्तक काढलं आणि दोन्ही हातांनी डॉक्टरांपुढे धरलं. "यात लिहा."

"काय लिहू?"

"मी कधी आले होते ते."

त्यांनी लिहिलं. परतीच्या गाडीत अबिती ते मांडीवर घेऊन बसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ते पुस्तक उघडून माझ्या टोमॅटोंवर ठेवलं. "मेरेसी, मला वाचता येत नाही. तू वाच."

"असियातूने वाचून दाखवलं असेल की."

"असियातूला आधीच ठाऊक होतं. तू वाच. हापशावर बोलतेस ना, तशी मोठ्याने."

माझे कान तापले. तिला सगळं माहीत होतं, तरी दोन वर्षं ती माझ्या शेजारी बसत होती. मी उभी राहिले आणि अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असं वाचलं, "अबिती जाफाली माझ्याकडे तीनदा आल्या. वेळेवर आल्या. चूक माझी."

अबितीने ताडाच्या पानाने माश्या हाकल्या. "परत वाच," ती म्हणाली.

मी परत वाचलं.