नाव न घेता इंग्रजी

मॅट्रिकला मी एकट्या इंग्रजीत नापास झाले आणि त्याच उन्हाळ्यात माझं लग्न झालं. मोहोळजवळच्या आमच्या गावात या दोन्हींपैकी कशाचंच कुणाला नवल वाटलं नाही. सोलापूरला सासरी आले. नवरा आणि धाकटे दीर एकाच गिरणीत कामाला. दिरांना मी भाऊजी म्हणायची, सासूबाईंना आत्या. मॅट्रिक झाले तर शिक्षिकेच्या ट्रेनिंगला अर्ज करता येणार होता, आणि मला दुसरं काहीच व्हायचं नव्हतं. आत्यांनी एवढंच सांगितलं, "आजून एकदा बस. न्हाय झालं तर हायतच की विड्या वळायला."

नवी पेठेत एका कापडदुकानाच्या माडीवर एक निवृत्त बाई आमच्यासारख्या बायकांना दुपारी फुकट इंग्रजी शिकवायच्या. वह्या घरी न्यायच्या आणि लाल शाईने अशा भरून आणायच्या, की त्यात आपलं वाक्य शोधावं लागे. एकदा त्यांनी घरात घडलेल्या प्रसंगावर निबंध दिला. त्याच आठवड्यात भाऊजींचा हात मशीनमध्ये सापडला होता आणि माझ्या नवऱ्याने त्यांना ओढून बाहेर काढलं होतं. मी अगदी जीव ओतून लिहिलं.

पण नावं कशी लिहिणार? नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, मग हाताने तरी कसं उतरवायचं? दिरांचंही तेच. मराठीत आमचं कधी अडलं नव्हतं. 'हे' म्हणून आवाज जरा खाली आणला की शेजारणीलाही कळायचं. इंग्रजीत मी दोघांनाही सरसकट 'ही', म्हणजे 'तो', करून टाकलं. त्याने त्याला ओढलं, त्याचा हात चिरडला, तो दवाखान्यात रडला, त्याने त्याचे डोळे पुसले. मला वाचताना रडू येत होतं, म्हणजे निबंध चांगला झाला असं मी धरून चालले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाई आमच्या दारात. हातात मोसंब्यांची पिशवी, चेहरा उतरलेला. तेवढ्यात माझा नवरा नळावरून दोन हातांत दोन भरलेल्या बादल्या घेऊन आला. बाईंनी एक हात पाहिला, मग दुसरा पाहिला.

"अहो, दोन्ही आहेत की!" त्या बोलून गेल्या.

"काय दोन्ही?" नवरा बादल्या खाली ठेवत म्हणाला.

मला तर धरणीने पोटात घेतलं असतं तरी चाललं असतं. भाऊजी पट्टी बांधलेला हात छातीशी धरून आत पडले होते. सगळा उलगडा झाल्यावर ते आतूनच म्हणाले, "बाई, त्यो मी. मोसंबी हिकडं द्या."

चहा घेताना बाई मला म्हणाल्या, "मला राहवलं नाही म्हणून मी आले. परीक्षेचा पेपर तपासणारा तुझ्या घरी हात मोजायला येणार नाही."

"पण बाई, नाव कसं लिहू?"

बाई अविवाहित. हा पेच त्यांना कधी पडलाच नव्हता. थोडा विचार करून त्या म्हणाल्या, "नाव नको, नातं लिही. माझा नवरा, माझा दीर. आधी माणूस आणायचा, मग 'ही' म्हणायचं. दोघं पुरुष एका वाक्यात आले आणि घोटाळा व्हायला लागला, की पुन्हा नातं."

आत्या ज्वारी निवडत हे ऐकत होत्या. त्यांनी दुसऱ्या दिवसापासून मला धरलंच. त्या भाकरी थापायच्या, मी इंग्रजी वाक्य वाचून त्याचा मराठीत अर्थ सांगायची. 'तो' आला की त्यांचा हात थांबायचा.

"कोन?"

"तुम्हाला ठाऊक आहे की कोण ते!" मी वैतागायची.

"मला ठावं हाय. पेपरवाल्याला न्हाय. तोंडानं सांगू नगंस, कागदावर दाव."

मला लई राग यायचा. कागदावर दाखवता आलं नाही की वाक्य खोडायचं, आणि भाकरी करपली तर तीही माझ्याच नावावर. पण हळूहळू लिहितानाच माझ्या कानात "कोन?" वाजायला लागलं. इतकं मन लावून मला त्याआधी कुणी ऐकलं नव्हतं. त्याबद्दल त्यांचे उपकार मी आजही मानते.

परीक्षेत आपल्याला मदत करणाऱ्या व्यक्तीवर निबंध आला. मी आत्यांवर लिहिला आणि पास झाले. नवऱ्याने पेढे आणले. आत्यांना निबंधाचं सांगितलं तेव्हा त्या खुलल्या.

"काय नावानं लिवलंस?"

"तुमचं नाव कसं घेऊ? नातंच लिहिलं."

त्यांनी पेढा खाली ठेवला. "माजं तरी घ्यायचं हुतंस. म्हायेर सुटल्यापस्नं कुनी घेतलंच न्हाय. आदी अगं, मग आई, आता आत्या." आणि त्यांनी स्वतःचं नाव मला सांगितलं. ते रेशनकार्डावर मी वाचलेलं होतं, पण त्यांच्या तोंडून तेव्हा पहिल्यांदाच ऐकलं.

ट्रेनिंग झालं, शाळा मिळाली. इंग्रजीत 'शी' शिकवायची वेळ आली तेव्हा फळ्यावरचं पहिलं वाक्य मी आत्यांच्या नावाने सुरू केलं. त्या ज्वारी निवडतात, एवढंच वाक्य. 'शी' दुसऱ्या वाक्यात. त्या दिवशी मी डबा विसरले होते आणि आत्या तो घेऊन आल्या होत्या, हे मला ठाऊक नव्हतं. वर्गातल्या पोरी एका सुरात त्यांचं नाव मोठमोठ्याने वाचत होत्या. मी दाराकडे पाहिलं, तर आत्या डबा पोटाशी धरून उभ्या.

"आत या ना," मी म्हटलं.

"हितंच बरी हाय," त्या म्हणाल्या. "त्यास्नी पुन्यांदा म्हनाया सांग की."