रेखाचं टेम्प्लेट मी पुसलं

रेखा पडद्यासमोर बसून तिसऱ्यांदा तोच फोल्डर शोधत होती आणि मी तिच्या मागं उभी राहून ब्लाऊजच्या बाहीवर इस्त्री फिरवत होते. महेश – माझा मुलगा, तिचा नवरा – फौंड्रीतनं पाळी करून नुकताच आला होता. तो म्हणाला, "लाईट जायच्या आधी कॉम्प्युटर बंद करत न्हाईस. किती येळा सांगितलं?"

"केलतं की बंद," ती म्हणाली. मग परत फोल्डरांची यादी वरखाली केली. "केलतं का न्हाय... आता मलाच आठवंना."

तो फोल्डर मी पुसला होता. त्याच दिवशी सकाळी, ती भाजी आणायला गेली तेव्हा.

हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. कुणी विचारलंही नाही – चौथी शिकलेल्या बाईवर संशय कोण घेणार? महेश त्या दिवशी म्हणालाच की आईला माऊस कुठनं धरायचा ते ठाऊक नाही. मी मान डोलावली.

मला माऊस धरता येत होता. चांगला येत होता. म्हातारीला काय कळतंय म्हणून मला सोडून देऊ नका.

दोन हजार पाच-सहाची गोष्ट. आमच्या पुढच्या खोलीत एका भिंतीला माझं शिलाई मशीन, दुसऱ्या भिंतीला तिचा कॉम्प्युटर. रेखा इचलकरंजीची, बाप मागावर कामाला. बारावी झालेली, हुशार. राजारामपुरीत एक क्लास केला आणि पुढचं घरीच शिकत होती – वेबसाइटची टेम्प्लेटं बनवायला. काम करताना तोंडानं बोलायची सवय तिला, त्यामुळं मलाही कळत गेलं. मजकूर एका सॉफ्टवेअरमध्ये भरायचा, आणि तो दिसायचा कसा हे टेम्प्लेट ठरवणार. मजकूर शाळेचा असो नाहीतर गूळवाल्याचा, टेम्प्लेट चढवलं की त्याच रूपात उभा राहतो.

मी मनात म्हटलं, हा तर फर्मा. ब्लाऊज कापायला आम्ही खाकी कागदाचा ठेवतो तो.

चार महिने मी हातानं शिवत होते आणि डोळे तिच्या पडद्यावर होते. एका फाईलमध्ये कुठं काय बसणार ते, दुसरीत रंग आणि मापं. एक माप वाढलं की पानाचा उजवा खण खाली कोसळायचा – बगल चुकली की बाही ओढते, तसंच. ती बाहेर गेली की मी खुर्चीवर बसायचे. मापं बदलून बघायचे आणि होती तशी परत करून ठेवायचे. इंग्रजी येत नव्हतं, आकडे येत होते. का लपवलं? सुनेकडनं शिकते हे म्हणायला मला जमलं नाही. आजही जमणार नाही.

आता गळ्याचं सांगते.

माझ्याकडं बायका यायच्या त्या पाठीच्या गळ्यासाठी. खोल, तरी खांद्यावरनं घसरायचा नाही. त्याचा फर्मा मी खिळ्याला अडकवत नव्हते, पेटीत ठेवायचे. आमच्या धंद्यात फर्मा दाखवत नाहीत. शिकाऊ पोरींना शिवण सगळं शिकवायचं, पण तो कागद त्यांच्या हातात द्यायचा नाही.

रेखानं तो पेटीतनं काढला, सायबर कॅफेत जाऊन स्कॅन करून आणला आणि टेम्प्लेटच्या माथ्यावर ती गोलाई बसवली. मला बोलावून दाखवलं.

"आत्या, बघा की. तुमचा गळा."

मी खूश होईन असं तिला वाटलं होतं. मी विचारलं, हे कोण कोण बघणार? ती म्हणाली, "फुकट ठिवायचं इंटरनेटवर. कुणीबी उतरवून घेईल. तसंच नाव हुतंय, आत्या."

त्याआधी ते पुण्याला जाणार होतं. तिथल्या एका माणसानं सांगितलं होतं, सोमवारपर्यंत एक पूर्ण टेम्प्लेट पाठव, आवडलं तर घरबसल्या काम देतो. शनिवारी संध्याकाळी ती सीडी करायला कॅफेत जाणार होती. मला ते माहीत होतं. म्हणून मी शनिवारी सकाळी पुसलं. जुने फसलेले नमुने ती कसे पुसते ते बघितलं होतं. फोल्डर पुसला, मग पडद्यावरचा कचऱ्याचा डबाही रिकामा केला.

पडद्यावरचा गळा बघून कुणी ब्लाऊज शिवू शकतं का? ना माप, ना खांद्याचा उतार, नुसती रेघ. हे मला कळत नव्हतं? कळत होतं. एवढं काढ म्हटलं असतं, तर तिनं पाच मिनिटांत काढलं असतं. पण सुनेपुढं मागणं घेऊन जायचं – मी?

आणि माझा म्हणते तो गळा तरी कुठला? ज्या बाईंकडं मी शिवण शिकले, त्यांच्या पेटीतला. त्या जेवायला बसल्या की वर्तमानपत्रावर ठेवून मी तो पेन्सिलीनं उतरवला होता. त्यांनी मला कधी विचारलं नाही.

पण सगळ्यात वाईट पुसणं नव्हतं. ते पुढंच आहे.

शनिवार-रविवार ती पुन्हा करायला बसली. सकाळी लाईट जायची, संध्याकाळी जायची. मधल्या तासांत जेवढं होईल तेवढं. उजव्या खणाचं माप तिला आठवेना. बोटं मोजत होती, आकडे टाकत होती, खण कोसळत होता. मला ते माप तोंडपाठ होतं. माथ्याचं, डाव्या खणाचं, पायाचं – सगळं. मी तीन हातांवर बसून हुक लावत होते. तोंड उघडलं असतं तर दुपारपर्यंत उभं राहिलं असतं.

नाही उघडलं. सोमवार गेला. महेशनं कॉम्प्युटर ओळखीतल्या एकाला देऊन टाकला. तिनं अडवलं नाही. चूक आपलीच, असं तिनं धरलं होतं. पुढच्या आठवड्यात ती माझ्या शेजारी काज-बटणाला येऊन बसली. माझं काम दुप्पट उरकायला लागलं. माझा फायदा झाला, तोही लिहून टाकते.

ती अजून घरातनं निघताना गॅसचं बटण तीनदा बघते. कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत जाते आणि ओढून बघायला माघारी येते. मी एकदा चिडून म्हटलं, किती येळा बघशील? ती म्हणाली, "माझा मलाच भरवसा न्हाय, आत्या. त्या टायमापास्नं."

तेव्हाही मी गप्प बसले. माफी मागायला हे लिहिलेलं नाही. रडतही नाही. टेम्प्लेट मी पुसलं, आणि स्वतःवरचा भरवसा गमावून इतकी वर्षं जगली ती माझी सून, रेखा.