तंबाखूच्या पानाचा पाठ

ते प्रकरण माझ्या डोक्यातून अजून जात नाही, आणि जाऊ नये असंच मला वाटतं. नावं कुणाचीच घेणार नाही. ज्यांची घ्यावीशी वाटतात त्यांना काही फरक पडत नाही, आणि ज्यांना पडतो त्यांना अजून त्याच गावात राहायचं आहे.

मी तेव्हा निपाणी भागातल्या एका ठाण्यात पीएसआय होतो. पोलिसात येण्याआधी कॉलेजात असताना चळवळीची पत्रकं लिहायचो. ती सवय कधी सुटली नाही, म्हणून गोड बोलणं जमलं नाही, आणि मुदतीआधीच निवृत्ती घेतली. आता लिहितोय तर सरळच लिहितो.

एका सकाळी हजेरी संपते न संपते तोच एका अनुदानित मराठी हायस्कूलचे चिटणीस चार माणसं घेऊन ठाण्यात आले. अशी माणसं आली की आमचा हवालदार आपोआप उठून उभा राहायचा. साधा शेतकरी आला तर त्याला बाहेरच्या बाकावर थांबायला सांगायचा. याचा मला कायम संताप येई.

चिटणिसांची तक्रार त्यांच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंविरुद्ध होती. बाईंची बी.एड. पदवी नियमित अभ्यासक्रमाची. पण त्या कॉलेजात कधी गेल्याच नाहीत, त्या वर्षी त्या आमच्याच शाळेत शिकवत होत्या, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे वर्गात न बसता पदवी मिळवली आणि तिच्या जोरावर सरकारी अनुदानातून पगार घेऊन सरकारला फसवलं. गुन्हा दाखल करा, अटक करा. गुन्हा मी नोंदवून घेतला, अटक मात्र राखून ठेवली. तसाच अर्ज शिक्षण खात्याकडेही गेला होता आणि बाईंचा पगार थांबला होता. अटक झाली असती तर निलंबन ठरलेलं. धारवाडला हायकोर्टात बाईंनी पगारासाठी याचिका टाकली होती, तीही तिथंच संपली असती.

चिटणिसांच्या हातात एक पक्का साक्षीदार होता. त्याच शाळेतले गणिताचे सर. ते त्याच कॉलेजात, त्याच वर्षी, त्याच वर्गात होते. त्यांनी जबाब दिला की बाईंना मी तिथं एकदाही पाहिलं नाही.

विद्यापीठानं कळवलं, पदवी खरी आहे, परीक्षा पास आहेत. वर्गात कोण बसलं ते आम्हाला ठाऊक नाही. कॉलेज कधीच बंद पडलेलं. तिथले हजेरीपट कुणी रद्दीत घातले की वाळवीनं खाल्ले, सांगायला माणूस नाही. तिथले प्राध्यापक देवाघरी गेलेले किंवा लांब गेलेले. दोन जुने विद्यार्थी सापडले, पण पोलीस म्हटल्यावर दोघांनाही काहीच आठवेना.

त्याच आठवड्यात ठाण्यात फोन आला. बोलणारा गृहस्थ नाव सांगेना. एवढंच म्हणाला, "सायेब, बाईंचं कॉलेज नंतर शोधा. त्यांची जागा कुणाला पायजे ते आधी बघा की." बघितलं. चिटणिसांची धाकटी सून विज्ञानाची पदवीधर, बी.एड. झालेली, आणि अनुदानित जागेची वाट बघत घरी बसलेली. सगळ्या गावाला हे ठाऊक होतं. तक्रारीत मात्र त्याचा उल्लेख नव्हता. असतो कशाला?

पण हेतू कळला म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. कोर्ट पुरावा मागतं.

मी बाईंना बोलावलं. वडगावच्या विणकर घरातली बाई, लग्न होऊन इकडं आलेली. महिला पोलिसासमोर चौकशी सुरू केली. त्या वर्षी बिनपगारी रजा घेतली होती, निपाणीत मावशीकडं राहून कॉलेज केलं, असं त्या सांगत होत्या. रजेचा अर्ज याच चिटणिसांकडं दिला होता. तो आता मिळत नव्हता. मी म्हणालो, बाई, असं काहीतरी सांगा जे तिथं असल्याशिवाय माणसाला सांगताच येणार नाही.

मग मान खाली घालून त्यांनी सांगितलं ते असं. बी.एड.ला शाळांत जाऊन सराव पाठ घ्यावे लागतात. मागच्या बाकावर प्राध्यापक आणि बाकीचे विद्यार्थी-शिक्षक बसून शेरे लिहितात. त्यांचा पाठ होता पानाचे भाग. मावशी तंबाखूच्या वखारीत कामाला, म्हणून शैक्षणिक साहित्य म्हणून त्यांनी तिथूनच वाळलेलं मोठं पान नेलं. शिरा ठसठशीत दिसतात, एवढाच विचार. वर्गात पंखा लागला, पानाची खाट, नाकात झोंबणारा उग्र दर्प, उठली. पोरं निपाणीची, त्यांना काही नाही. पण प्राध्यापक लांबच्या गावचे. ते शिंकायला लागले ते थांबेचनात, डोळे पुसत बाहेर गेले. पाठ रद्द झाला. सगळ्यांदेखत बोलणी बसली. "लई लाज वाटली साहेब. कॉलेज सोडून परत जायचं मनात आलतं," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी एकानं दुसरं पान आणून दिलं म्हणून पाठ झाला.

कुणी आणून दिलं, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही तेव्हा विचारलं नाही. जबाब नोंदवून कपाटात कुलूपबंद केला.

मग गणिताच्या सरांना दुपारी बोलावलं. आयुष्यभर चौकशा केल्या, त्यात एक गोष्ट पक्की कळली: माणसाला त्याच्या खोट्याबद्दल विचारू नका, तो तयारी करून आलेला असतो. त्याच्या कामाबद्दल विचारा. चहा मागवला आणि मुद्दाम टोचलं. म्हणालो, "तुमचं बी.एड. म्हणजे काय सर, सह्या करायच्या आणि घरी जायचं. बाई गेल्या नसतील तर नवल काय? तुम्ही तरी कुठं गेला असाल?"

सरांचा चेहरा तांबडा झाला. "असं कसं म्हणता साहेब? गुंडाळी फळा खांद्याला मारून गावोगाव फिरलोय आम्ही. एकेका पाठाला घाम फुटायचा."

"घाम फुटायला काय झालं? समोर पोरंच तर असतात."

"पोरांचं भ्या न्हाय हो. मागं बसणाऱ्यांचं असतंय." आणि सर सुटले. शिक्षकाला वर्गाबद्दल बोलायला लावा, तो घड्याळ विसरतो. कोण फळ्याकडं बघूनच बोलायचा, कोण खडू खिशात घालून घरी न्यायचा, सगळं निघालं. कुणाची फजिती झाली का, मी विचारलं. सर हसायलाच लागले. "आमच्यातल्या एका पोरीनं पानाचे भाग शिकवायला तंबाखूचं पान आणलतं! पोरं निवांत, आणि प्राध्यापक शिंकून शिंकून बेजार. आम्ही बाकाखाली तोंड घालून हसतोय."

मी पण हसलो. खरंच हसू आलं. विचारलं, मग त्या पोरीचा पाठ गेला की काय?

"जाऊ दिला न्हाय. रडत बसलती बिचारी. दुसऱ्या दिवशी मीच जास्वंदीचं पान तोडून दिलं तिला."

मी कप खाली ठेवला. "कुणाला दिलं, सर?"

शेजारी जबाब लिहून घेणारा रायटर लिहायचा थांबला होता. सरांनी माझ्याकडं बघितलं, मग दाराकडं, मग स्वतःच्या हातांकडं. आवाज न चढवता मी सांगितलं की बाईंनीही हा पाठ मला सांगितलाय, पान आणून देणाऱ्याचं नाव तेवढं सांगितलं नाही.

"का सांगितलं न्हाय?" त्यांनी विचारलं.

"ते तुम्ही त्यांना विचारा."

सर रडले नाहीत, चिडलेही नाहीत. घोटभर पाणी प्यायले आणि बोलू लागले. त्यांची स्वतःची जागा अजून मंजूर नव्हती. मंजुरीचा प्रस्ताव चिटणिसांच्या सहीशिवाय बीईओ, म्हणजे तालुका शिक्षणाधिकाऱ्याच्या, ऑफिसात जात नाही. जबाब दिलास तर सही, एवढाच सौदा. ते ऐकताना माझं डोकं तापलं, पण सरांवर नाही. ज्या माणसाच्या भाकरीवर दुसऱ्याची सही बसलेली आहे, त्याच्याकडून काहीही वदवून घेता येतं. ही व्यवस्था मुळासकट बदलली पाहिजे, आणि ती बदलेपर्यंत मी हे लिहीत राहणार.

मी एवढंच म्हणालो की खोटं मागं घ्यायला अजून वेळ आहे, पण फार नाही. सर मॅजिस्ट्रेटसमोर जायला तयार झाले. निघताना म्हणाले, "माझी जागा गेली तर जाऊ दे साहेब. वर्गात उभं राहायचं तोंड तरी राहील."

त्यांनी खरा जबाब दिला. मी कोर्टात 'बी' रिपोर्ट पाठवला, म्हणजे गुन्हा घडलाच नाही असा अहवाल. सरांचा जबाब बाईंच्या वकिलानं हायकोर्टापुढं ठेवला, आणि बाई पगाराला पात्र असल्याचा आदेश झाला. चिटणिसांविरुद्धही चौकशी लागली. ती रखडत चालली, पण लागली, आणि आमच्या भागात तेही कमी नाही. सरांची जागा अजून मंजूर झालेली नाही, पण चौकशी लागल्यावर चिटणिसांची सही झाली आणि प्रस्ताव आता बीईओ ऑफिसात पोचला आहे.

मी बाईंना नंतर विचारलं, सरांचं नाव का लपवलंत? त्या म्हणाल्या, "त्यांनी पान आणून दिलतं ते खरं हाय नव्हं? तेवढं तरी त्यांचं त्यांना सांगू दे म्हटलं."

हे प्रकरण मला काय शिकवून गेलं? खात्यात आम्हाला शिकवतात की संशयिताला कोंडीत पकडा. मी उलट शिकलो. घाबरलेल्या माणसाला परत यायला एक वाट ठेवली, तर तो बहुतेक वेळा परत येतो. बाईंनी ती वाट ठेवली होती. मी फक्त सरांना तिथपर्यंत नेलं.

आणि सर एकटे आले नाहीत. त्यांचा खरा जबाब झाल्याचं गावात पसरलं, तशी दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर पाच-सहा शिक्षक ठाण्याच्या दारात उभे राहिले. कुणी इंग्रजीचे, कुणी पीटीचे. सगळ्यांच्या जागा अडकलेल्या, सगळे इतके दिवस गप्प. पुढचा म्हणाला, "साहेब, त्या वर्षी बाई रजेवर होत्या. आमचा पण जबाब घ्या."

हवालदार उठून उभा राहिला. खुर्च्या कमी पडत होत्या. मी काही सांगायच्या आत तो बाहेर गेला आणि व्हरांड्यातला बाक स्वतः उचलून आत घेऊन आला.