चौथ्याच्या माथी

आमच्या घरात एक वाक्य वर्षभर अडकून पडलं होतं. माझ्या धाकट्या भावाला ते सांगलीच्या एका पोराला सांगायचं होतं. वाक्य काही मोठं नव्हतं. चूक तुझी नव्हती, माझी होती, एवढंच. मी मोठी बहीण, तोंडाने फटकळ, म्हणून हे मी सांगते आहे. भावावर सोडलं तर तो मरेपर्यंत ‘बघू’ म्हणत बसेल.

भाऊ पोहायला शिकला तो टँक नागपुरातल्या आमच्या घराजवळचा, जुनापुराणा. पाण्याखाली भिंतींना शेवाळ, फरशा उखडलेल्या. वेगात येऊन तळहात टेकवला की तो सटकायचा आणि बोटं सोलून निघायची. म्हणून तिथल्या सरांनी सगळ्या पोरांना एकच शिकवलं होतं, शर्यत संपताना भिंतीच्या नादी लागायचं नाही, वरचा काठ धरायचा. काठ धरला की सर स्टॉपवॉच बंद करायचे. त्या टँकमधली पोरं बाहेर कुठेही ओळखू यायची. शेवटी पाण्यातून हात वर काढून, चालती बस पकडावी तशी काठाला लटकायची. आम्ही सगळे हसायचो. हसण्यासारखंच होतं तेव्हा.

मोठ्या स्पर्धांमध्ये भिंतीवर एक पातळ पॅड लावलेलं असतं. हाताने ते दाबलं की घड्याळ थांबतं. हात त्याच्या वरून काठावर गेला, तर पॅडला काही कळत नाही. मागून अंग येऊन आदळतं तेव्हा कुठे कळतं. देशाच्या शिबिरात गेल्यावर भावाला यावरून पुष्कळ बोलणी बसली आणि त्याने सवय मोडली. मोडली म्हणजे दम शिल्लक असेपर्यंत मोडली. फुप्फुसं फाटायला आली की हात आपला जुन्या रस्त्याने जायचा.

एकट्याच्या शर्यतीत त्याने फारसं बिघडत नव्हतं, त्याचंच थोडं नुकसान व्हायचं. रिलेमध्ये मात्र तसं नसतं. चौघे असतात, एक भिंतीला पोहोचला की वर उभा असलेला दुसरा उडी टाकतो. पॅड दाबलं जाण्याआधी त्याचे पाय सुटले तर चौघेही बाद. आणि नाव त्याचंच येतं, लवकर उडाला म्हणून. पोहत आलेल्याचं कोणी नावही घेत नाही.

आशिया खंडाची मोठी स्पर्धा होती, परदेशात. पुरुषांची फ्रीस्टाइल रिले, सकाळची पहिली फेरी. भाऊ तिसरा होता, सांगलीचा पोरगा चौथा. मी हिंगण्याच्या कंपनीतून सुटी घेतली होती, बाबा कोराडीच्या वीज केंद्रातून रात्रपाळी करून आले ते झोपलेच नाहीत, आई बुद्धविहारात जाऊन आली होती. मोबाइल टीव्हीला जोडून आम्ही बसलो होतो, शेजारपाजारचेही आले होते.

भाऊ काय पोहला हो! असा मी त्याला कधीच पाहिला नव्हता. शेवटच्या पट्ट्यात त्याने दोघांना मागे टाकलं, सांगलीच्या पोराने पुढे आणखी एकाला, आणि फलकावर आपला देश फायनलच्या यादीत दिसला. बाबा उभे राहिले. खालच्या काकू पेढे आणायला निघाल्या. आणि मग फलकावरची ती ओळ बदलली. वेळ पुसली गेली, तिथे बाद झाल्याची नुसती अक्षरं आली. समालोचक म्हणाला, चौथा खेळाडू आधी उडाला. आई मला विचारत होती की म्हणजे काय झालं वं. काकू चपला काढून परत आत येऊन बसल्या.

दुपारी भावाचा फोन आला. रडत नव्हता, पण आवाज कसातरीच होता. म्हणाला, “ताई, तो लवकर नाही उडाला. त्याने माह्या हात पाहूनच उडी मारली. माह्या हातच काठावर होता.” पाण्यातून वर आल्या आल्या त्याला ते कळलं होतं. संघाच्या सरांना त्याने तिथेच सांगितलं. सरांनी हरकत घेऊन पाहिली, ती फेटाळली गेली. मशीन म्हणेल ते खरं. मग सर त्याला म्हणाले की आता निकाल बदलत नाही, तू कुठे काही बोलू नकोस, त्या पोराला मी समजावून सांगतो.

आमच्याकडे सरांचा शब्द म्हणजे संपलंच. लहानपणापासून या पोरांना तेच वळण. सर म्हणाले पाण्यात राहा, राहायचं. सर म्हणाले गप बस, गप बसायचं. भाऊ गप बसला.

इकडे लोकांनी सांगलीच्या पोराला मोबाइलवर धुऊन काढलं. देशाचं नाक कापलं, घाई कशाची होती, काय काय लिहिलं. ज्यांना डबक्यात पाय घालायची भीती ते यात पुढे. मी वाचायची आणि माझं डोकं तापायचं. भाऊ घरी आल्यावर मी त्याला सोडलं नाही. “तू सोता काहून नाही सांगत गा त्याले?” तो म्हणायचा, सरांनी सांगितलं असेल. एकदोनदा त्याने फोन लावला, सांगलीच्या पोराने उचलला नाही. परतीच्या विमानातही तो कानाला हेडफोन लावून लांब बसला होता म्हणे. भावाने त्याचा असा अर्थ काढला की याला सगळं कळलंय आणि हा आपल्यावर चिडलाय. चिडलेल्या माणसाच्या दारात कसं जायचं? मी म्हटलं, पायांनी. तो ‘बघू’ म्हणाला.

पुढच्या वर्षी संघ निवडायची चाचणी होती. भाऊ तिथून आला तो सरळ अंथरुणावर पडला. मला वाटलं, निवड झाली नाही म्हणून. ती झाली नव्हतीच, वय झालं म्हणून त्याला बाजूला केलं होतं. पण पडला होता तो दुसऱ्याच कारणाने. सरावात सांगलीचा पोरगा पुन्हा रिलेसाठी उडीच्या ठोकळ्यावर उभा होता. पोहत आलेल्याने भिंतीला हात लावला, डोकं वर काढलं, तरी हा वर उभाच. मग सावकाश उडी. प्रत्येक वेळी तसंच. शिबिरातली पोरं त्याला चिडवत होती, हात टेकल्याचा फोटो काढून घेतो का म्हणून. त्यालाही वगळलं.

“ताई,” भाऊ छताकडे बघत म्हणाला, “त्याले कोणीच नाही सांगितलं.”

मला त्या सरांचा इतका संताप आला की काय सांगू. आणि भावाचाही आला, खोटं कशाला बोलू. पण तो असा पडला होता की त्याला बोलून काय करणार? आईने मला डोळ्यांनीच गप केलं.

हिवाळ्यात सांगलीचा पोरगा नागपूरला आला, कसल्याशा नोकरीच्या मेडिकलसाठी. कुणाकडून तरी भावाला कळलं. या वेळी तो ‘बघू’ म्हणाला नाही, जाऊन त्याला घरीच घेऊन आला. पोरगा उंच, खांदे रुंद, पण मान खाली घालून बसणारा. आईने पाटवडीचा रस्सा आणि भाकर केली होती. तो तिखटाने लाल झाला, तरी चांगलं आहे म्हणत जेवला. मला तो आवडला. त्यापेक्षा उर्मट असता तर बरं झालं असतं.

हात धुऊन बसल्यावर भावाने सगळं सांगितलं. काठ, पॅड, सर, सगळं. मध्ये थांबला नाही, स्वतःला वाचवलंही नाही. मी दाराशी उभी होते. पोरगा आता चिडेल, ओरडेल, अशी माझी तयारी होती. भावाच्या वाटणीच्या शिव्या मी खाल्ल्या असत्या.

तो ओरडला नाही. सरांना त्याच दिवशी सांगितलं होतंस का, एवढंच त्याने विचारलं. भाऊ हो म्हणाला. 

“मी वर्षभर उशिरा उडायला शिकलो,” तो म्हणाला. “हात टेकलेला बघायचा, मग मनाला विचारायचं, टेकला ना नक्की, आणि मग उडायचं. आता लवकर उडताच येत नाही मला. चूक माझी होती असं वाटत होतं तेव्हा निदान मी ती सुधारत तरी होतो. आता मी काय सुधारू?”

  तो उठला, आईच्या पाया पडला, चपला घातल्या. भाऊ त्याला स्टेशनवर सोडायला गेला. संध्याकाळी परत आला तेव्हा मी विचारलं, रस्त्यात काही बोलला का तो. भाऊ खुर्चीवर बसला.

“जाता जाता मले थँक्यू म्हणे,” तो म्हणाला.