प्लगभोवतीचा फेस

अंबत्तूरच्या कारखान्यात फिटर म्हणून रुजू व्हायच्या दिवशीच माझी मोटरसायकल बंद पडली! मीच बसवलेला स्पार्क प्लग ढिला राहिला आणि इंजिनाच्या हेडमधले आटे उडाले. रस्त्याकडेच्या म्हाताऱ्या मेकॅनिकनं ओठांत न पेटवलेली बिडी धरून भोकात आतून आटे असलेला नवा पितळी बुश बसवला, त्यात प्लग टेकवला आणि पाना माझ्याकडे दिला. तंजावरी मराठीत म्हणाला, “तुमीच आवळा.”

पुन्हा आटे उडतील म्हणून मी दोनदा पाना लावून काढला, मग आवळला. आवळून झाल्यावर त्यानं प्लगभोवती साबणाचा फेस लावला. मी किक मारली. एकही बुडबुडा नाही, म्हणजे गळती नाही! त्यानं टाळीच वाजवली.

“तुम्हीच का नाही आवळलात?”

“मी आवळला असता, तर तुमी पान्याला भ्याला असता.”

तासाभरानं कारखान्यात फोरमननं पाना पुढे केला. मी तो झडप घालून घेतला.